छत्तीस हजार किलोमीटरवरून

टीव्हीवर थेट बातमी चालू असते. स्टुडिओतली निवेदिका दूर कुठेतरी उभ्या असलेल्या वार्ताहराला प्रश्न विचारते. प्रश्न संपतो आणि वार्ताहर गप्पच. एक हात कानाशी, नजर कॅमेऱ्यात, चेहऱ्यावर काहीच नाही. मग एकदम मान हलते आणि तो बोलायला लागतो. त्या मधल्या क्षणाकडे मी नेहमी लक्ष देऊन बघतो. बघणाऱ्याला वाटावं, याला उत्तर सुचत नाहीये. पण प्रश्न अजून त्याच्या कानापर्यंत पोचलेलाच नसतो. जोडणी उपग्रहावरून असेल, तर ते शब्द जमिनीवरून जवळपास 36 हजार किलोमीटर वर जाऊन तितकेच खाली उतरत असतात. प्रकाशाच्या वेगानं जाऊनही एवढ्या प्रवासाला पाव सेकंद लागतो. उत्तर परत यायला आणखी पाव सेकंद. चित्र आणि आवाज दाबून लहान करायला, पुन्हा उलगडायला लागणारा वेळ त्यात मिळवला की पडद्यावर ती शांतता दिसते.

मला ती आवडते. संपर्काच्या बाकी सगळ्या साधनांची धडपड अंतर लपवण्यासाठी चाललेली असते. इथे ते उघड दिसतं. दळणवळण उपग्रहांबद्दल मी गेली बरीच वर्षं जे मिळेल ते वाचत आलो आहे, आणि वाचता वाचता माझं एक मत पक्कं झालं आहे: या यंत्राचं सगळं मोठेपण आणि त्याची सगळी दुखणी या एकाच अंतरातून आलेली आहेत.

हे अंतर कुणी सोयीनं निवडलेलं नाही. पृथ्वीपासून चार-पाचशे किलोमीटरवरचा उपग्रह दीड तासात एक फेरी मारतो. चंद्राला एका फेरीला सत्तावीस दिवस लागतात. जितकं दूर, तितकी फेरी लांब. मग या दोन टोकांच्या मध्ये अशी एक उंची असणारच, जिथे फेरीला बरोबर पृथ्वीच्या एका गिरकीइतका, म्हणजे 23 तास 56 मिनिटं 4 सेकंद एवढा वेळ लागेल. ती उंची विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर भरते. तिथे पूर्वेकडे जाणारा उपग्रह सेकंदाला तीन किलोमीटरहून थोड्या जास्त वेगानं धावत असतो आणि खालून बघणाऱ्याला तो आकाशात एकाच जागी खिळलेला असतो. अशी कक्षा एकच आहे. सगळ्या जगाचे भूस्थिर उपग्रह याच एका कड्यावर बसतात, आणि कुणी कुठे बसायचं, कोणत्या फ्रिक्वेन्सी वापरायच्या, याचा समन्वय आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघातून होतो. 1976 साली विषुववृत्तावरच्या काही देशांनी बोगोटा इथे जमून, आमच्या डोक्यावरचा हा कड्याचा तुकडा आमचाच, असं जाहीरही केलं होतं. इतर देशांनी ते मानलं नाही.

विज्ञानकथा लिहिणाऱ्या आर्थर क्लार्कनं 1945 साली एका ब्रिटिश तांत्रिक मासिकात लेख लिहून या कक्षेचा उपयोग मांडला, तेव्हा पहिला कृत्रिम उपग्रह उडायला अजून बारा वर्षं होती. तीन केंद्रं या कड्यावर समान अंतरावर ठेवली की जवळजवळ सगळं जग त्यांच्या नजरेत येतं, हे त्याचं गणित. या लेखाचा उल्लेख सगळेच करतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावते. क्लार्कच्या कल्पनेतल्या त्या केंद्रांवर माणसं राहणार होती. त्या काळचं रेडिओ यंत्र म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हचं. ते जळणार, आणि जळले की बदलायला कुणीतरी हवंच. एवढ्या लांब ठेवलेलं यंत्र दुरुस्तीच्या हाताशिवाय वर्षानुवर्षं चालेल, हे तेव्हा कल्पनेतही बसत नव्हतं. प्रत्यक्षात नेमकं तेच घडलं. त्याकडे मी पुढे येतोच.

आधी टेलस्टार. 10 जुलै 1962 रोजी उडालेला हा जेमतेम 77 किलोचा गोल अटलांटिकच्या पलीकडे थेट दूरचित्र पोचवणारा पहिला उपग्रह ठरला. पण तो खालच्या कक्षेत होता. अडीच तासांहून थोड्या जास्त वेळात एक फेरी, आणि दोन्ही किनाऱ्यांना एकाच वेळी दिसायचा तो वीसेक मिनिटं. तेवढ्या वेळात शेकडो टनांचा अँटेना वळवत वळवत त्याचा माग काढायचा, मिळेल ते चित्र पकडायचं, आणि तो क्षितिजाखाली गेला की थांबायचं. त्याचं नशीबही वाईट. तो उडण्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेनं अवकाशाच्या उंचीवर अणुस्फोटाची चाचणी केली होती. त्यातून उसळलेल्या किरणोत्सारानं टेलस्टारचे ट्रान्झिस्टर हळूहळू निकामी केले आणि फेब्रुवारी 1963 मध्ये तो कायमचा गप्प झाला.

त्याच महिन्यात अमेरिकेतल्या ह्यूज कंपनीतल्या हॅरल्ड रोझेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या 36 हजार किलोमीटरच्या उंचीसाठी केलेला सिनकॉम-1 उडाला, आणि कक्षेत बसवण्याची मोटर पेटली तेव्हा तोही गप्प झाला. जुलैमधल्या सिनकॉम-2 नं मात्र जमवलं. त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी नायजेरियाचे पंतप्रधान बालेवा यांच्याशी त्याच्यावरून फोनवर बोलले. तेव्हा दूरध्वनीच्या क्षेत्रातल्या जाणकारांना एका गोष्टीची खरोखर काळजी होती: माणसं हा उशीर सहन करतील का? बोलल्यावर अर्धा सेकंद काहीच ऐकू आलं नाही की दोघंही एकदम बोलू लागतात, आणि स्वतःच्याच आवाजाचा प्रतिध्वनी परत आला तर बोलणं अशक्य होतं. ही काळजी खोटी नव्हती. समुद्राखालच्या ऑप्टिकल फायबरच्या केबल आल्यावर फोनची बोलणी हळूहळू तिकडे गेली, त्यामागे क्षमतेइतकंच हे कारणही होतं.

दूरचित्राला उशिराचं काहीच वाटत नाही. 1964 चं टोकियो ऑलिंपिक सिनकॉम-3 नं पॅसिफिक ओलांडून दाखवलं. एप्रिल 1965 मध्ये व्यावसायिक सेवेसाठीचा पहिला भूस्थिर उपग्रह, 'अर्ली बर्ड', वर गेला. त्याची सगळी ताकद मिळून 240 टेलिफोन जोडण्या किंवा एक टीव्ही चॅनल. दोन्हीपैकी एकच. टीव्ही दाखवायचा तर फोन थांबवायचे. आज ते वाचून मला अप्रूप वाटतं, कारण याच यंत्राच्या पोटातली पुढची सगळी ओढाताण त्या पहिल्या उपग्रहात दिसते: एकानं अनेकांशी बोलायचं की प्रत्येकानं आपापलं बोलायचं.

घरावरची डिश कशी लावतात, हे मी एका जाणत्या माणसाकडून शिकलो. आकाशाच्या त्या तुकड्यात डोळ्यांना काहीही दिसत नाही, पण डिश एक-दोन अंश चुकली की चित्र गेलंच. त्यानं खांबाचा नट अर्धवट आवळून ठेवला, डिश अगदी सावकाश सरकवली आणि मीटरवरचा आकडा चढला तसा हात थांबवला. मग घट्ट आवळली. त्यानंतर तिला हात लावायचा नाही. वर काय चाललं आहे याचा आकडा मी नंतर वाचला. उपग्रहावरचा एक ट्रान्सपॉन्डर, म्हणजे खालून आलेली लाट वाढवून परत खाली पाठवणारं यंत्र, साधारण शंभर-दीडशे वॅटच्या घरातली शक्ती बाहेर टाकतो. ती एका अख्ख्या देशावर, कधी खंडभर पसरते. साठेक सेंटिमीटरच्या डिशच्या वाट्याला येते ती एका वॅटच्या लाख-कोटीव्या भागाच्या आसपास. डिश तेवढं गोळा करते, समोरच्या दांडीवरचा एलएनबी ते वाढवतो, खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणतो आणि केबलमधून सेट-टॉप बॉक्सकडे धाडतो. इतक्या क्षीण लाटेतून माणसांचे चेहरे, गवताचा रंग, टाळ्यांचा आवाज उभा राहतो. हे कळल्यापासून पावसाळ्यात चित्र तुटलं तरी माझी चिडचिड होत नाही. घरच्या डिशकडे येणाऱ्या लाटा केयू बँड नावाच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यातल्या, अडीच सेंटिमीटर लांबीच्या. जोराच्या सरीतले थेंब त्यातली ऊर्जा शोषतात आणि इकडेतिकडे उडवतात. सी बँडच्या लाटा लांब, त्यांना पाऊस फारसा अडवत नाही, पण त्यासाठी डिशही मोठी लागते.

वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आगेमागे, काही दिवस रोज काही मिनिटं चित्र जातं, तेही याच क्षीणपणामुळे. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, आणि सूर्याच्या रेडिओ गोंगाटापुढे त्या नाजूक लाटेचा निभाव लागत नाही. डिश लावणारे या मिनिटांचा एक सुंदर उपयोग करतात. त्या वेळी सूर्य, उपग्रह आणि डिश एका रेषेत असतात. तेव्हा डिशवर झाडाच्या फांदीची सावली पडत असेल, तर ती फांदी उपग्रहाच्याही आड येते आहे. त्याच ऋतूत मध्यरात्रीच्या सुमारास उपग्रह स्वतः पृथ्वीच्या सावलीत शिरतो, जास्तीत जास्त सत्तर-बहात्तर मिनिटं. सौर पंख काळोखात, सगळा भार बॅटरीवर. खाली बघणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

आता मोठेपणाची बाजू. इतक्या उंचीवरून एका उपग्रहाला पृथ्वीच्या पृष्ठभागाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग दिसतो. त्या टप्प्यात शहर, खेडं, बेट, भर समुद्रातली बोट यांचं अंतर जवळपास सारखंच. केबल टाकताना पुढच्या वस्तीत किती घरं आहेत, खर्च निघेल का, हा प्रश्न येतोच. उपग्रहाच्या टीव्हीला तो प्रश्न पडत नाही. एका दिव्याभोवती दहा जण वाचत बसलेत, त्यात अकरावा येऊन बसला म्हणून दिव्याचं तेल जास्त जळत नाही. उपग्रहाच्या एका बीमखाली, म्हणजे लाटांच्या एका झोताखाली, एक डिश असो की एक कोटी, वरून तेवढीच शक्ती येते, तेवढंच चित्र येतं. डोंगरापलीकडच्या एकट्या घराला मिळणारं चित्र राजधानीतल्या चित्राहून काडीइतकंही कमी प्रतीचं नसतं. माणसानं बनवलेल्या वस्तूंमध्ये इतकी समान वाटणी करणारी वस्तू मला दुसरी आठवत नाही. चॅनल बघायला पैसे मोजावे लागतात, काय दाखवायचं ते दुसराच कुणी ठरवतो, हे सगळं खरं. पण पोचण्याच्या बाबतीत तरी सगळे एका रांगेत आहेत.

इंटरनेट आलं आणि याच यंत्रावर अगदी दुसऱ्या स्वभावाचं काम येऊन पडलं. इथे प्रत्येकाला वेगळं हवं. एकाला पत्र पाठवायचंय, दुसऱ्याला डॉक्टरांशी समोरासमोर बोलायचंय, तिसऱ्याला परीक्षेचा अर्ज भरायचाय. जितके लोक वाढतील तितका प्रत्येकाचा वाटा लहान. म्हणून उपग्रहांची रचनाच बदलली. देशभर पसरणाऱ्या एका बीमऐवजी काहीशे किलोमीटरच्या वर्तुळात उतरणारे डझनावारी छोटे बीम, आणि एकमेकांशेजारी नसलेल्या बीममध्ये तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा पुन्हा वापरायची. 2004 साली उडालेल्या कॅनडाच्या अनिक एफ-2 पासून केए बँडवरची, म्हणजे केयूहून वरच्या फ्रिक्वेन्सीवरची, अशी घरगुती सेवा रुळली. 2011 च्या व्हायासॅट-1 ची क्षमता सेकंदाला 140 गिगाबिटच्या घरात होती. 2023 मध्ये फाल्कन हेवी रॉकेटवरून गेलेला ज्युपिटर-3 तर नऊ टनांहून जड, व्यावसायिक दळणवळण उपग्रहांतला सगळ्यात मोठा.

क्षमता वाढली, तरी अंतर तेवढंच राहिलं. एखादं पान उघडायला मागणी वर जाते, खाली भूकेंद्राकडे उतरते, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येतं. अर्धा सेकंद तर यातच गेला, व्यवहारात साधारण सहा दशांश सेकंद. आणि एक पान उघडायला अशा कितीतरी देवाणघेवाणी लागतात. यावर अभियंत्यांनी चांगले उपाय काढले: भूकेंद्रावरचं यंत्र पानाचे बाकीचे तुकडे मागण्याआधीच ओळखून एकदम पाठवून देतं. वाचन, चित्रपट, पत्रव्यवहार यांत मग उशीर जाणवत नाही. समोरासमोरच्या बोलण्यात मात्र जाणवतो, आणि भरधाव खेळ तर खेळताच येत नाहीत. संध्याकाळी सगळे एकदम आले की वेग बसतो, डेटाची मर्यादा लागते. तरीही ज्या वस्तीला दुसरी कुठलीच जोडणी नाही, तिथे ही हळू जोडणी म्हणजे असण्या-नसण्याचा प्रश्न असतो. ऑक्टोबर 2011 मध्ये अनिक एफ-2 काही काळ बंद पडला, तेव्हा कॅनडाच्या उत्तरेकडच्या दूरच्या वस्त्यांचे फोन बंद झाले आणि विमानं जमिनीवर राहिली. जोडणीला हळू म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी तो दिवस आठवावा असं मला मनापासून वाटतं.

आता खालच्या कक्षेतल्या हजारो उपग्रहांचे थवे आले आहेत. साडेपाचशे किलोमीटरवरून उशीर सेकंदाच्या काही शतांशांवर येतो. इंटरनेटसाठी हेच योग्य आहे, यात मला शंका नाही. त्याची किंमतही उघड आहे: प्रत्येक उपग्रह काही मिनिटांत क्षितिजाकडे निघून जातो, म्हणून हजारो लागतात, आणि त्यांचं आयुष्य पाचेक वर्षांचं, म्हणून ते सतत बदलत राहावे लागतात. पण एकच चित्र एकाच वेळी कोट्यवधी घरांत उतरवायचं असेल, तर दूर उभा असलेला तो एकच अजूनही सरस आहे. लोक चित्रपट आणि मालिका आपापल्या वेळेला बघू लागले, उपग्रहावरच्या टीव्हीचे ग्राहक कमी होत चालले, हे दिसतंच आहे. त्या भरात सगळ्यांना सारखं पोचण्याची ही एकमेव व्यवस्था निष्काळजीपणे मोडली जाऊ नये, एवढं मला फार वाटतं. वादळ आल्यावर जमिनीवरचे टॉवर पडतात, केबल तुटतात. डिश आणि बॅटरी शाबूत असेल तिथे उपग्रहावरून सूचना येतच राहते.

क्लार्कला हवे असलेले दुरुस्तीचे हात तिथे कधीच गेले नाहीत. म्हणून जमिनीवरच्या हातांनी काय काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे. 20 जानेवारी 1994 च्या सुमारास, सूर्याकडून आलेल्या क्षोभाच्या दिवसांत, कॅनडाच्या अनिक ई-1 आणि ई-2 या दोन उपग्रहांचा तोल सांभाळणारी चक्रं एकामागून एक बंद पडली. पहिल्याचं राखीव चक्र चाललं आणि तो काही तासांत सावरला. दुसऱ्याचं राखीव चक्रही गेलं. उपग्रह गरगरू लागला, चॅनल गेली. यंत्र मेलं असं म्हणून विम्याचे कागद काढणं सोपं होतं. हे उपग्रह चालवणाऱ्या टेलिसॅट कंपनीच्या अभियंत्यांनी त्याऐवजी तोल सांभाळण्याचं काम जमिनीवर आणलं. भूकेंद्रांवरून उपग्रहाचा कल सतत मोजायचा, संगणकानं हिशेब करायचा आणि उपग्रहाला हलका धक्का देणाऱ्या छोट्या इंजिनांना, म्हणजे थ्रस्टरना, हुकूम पाठवायचे, दिवसरात्र. ऑगस्टमध्ये अनिक ई-2 पुन्हा कामाला लागला. चक्र नसलेला उपग्रह पुढे असा 36 हजार किलोमीटरवरून सावरून धरला गेला. या लोकांबद्दल मला वाटणारा आदर मी शब्दांत नीट सांगू शकत नाही.

निरोगी उपग्रहालाही जागेवर ठेवावं लागतंच. सूर्य आणि चंद्राची ओढ त्याची कक्षा वर्षाला जवळजवळ एक अंश तिरकी करते. पृथ्वीचं विषुववृत्तही अगदी गोल नाही, त्यामुळे तो पूर्वेला किंवा पश्चिमेला घसरतो. सोडून दिला तर 75 अंश पूर्व किंवा 105 अंश पश्चिम या दोन जागांभोवती झोके घेत राहील. त्याला सत्तरेक किलोमीटरच्या चौकटीत राखायचं, म्हणजे ठरावीक दिवसांनी थ्रस्टर पेटवायचे. इंधनाचा मोठा भाग उत्तर-दक्षिणेच्या दुरुस्तीत जातो. म्हणून म्हातारपणी काही उपग्रहांची ही दुरुस्ती थांबवतात. मग तो दिवसभरात आकाशात इंग्रजी 8 चा उभा आकडा काढतो; घरच्या स्थिर डिशना तो उपयोगाचा राहत नाही, पण माग काढू शकणाऱ्या जहाजांवरच्या आणि मोठ्या केंद्रांवरच्या अँटेनांना आणखी काही वर्षं चालतो.

2020 च्या फेब्रुवारीत एमईव्ही-1 नावाचं यान इंटेलसॅट-901 ला जाऊन चिकटलं. 2001 मध्ये उडालेला हा उपग्रह, इंधन संपत आलेलं, बाकी तब्येत ठीक. दोन व्यावसायिक उपग्रह कक्षेत जोडले जाण्याची ती पहिलीच वेळ. त्या यानानं त्याला पुन्हा कामावर आणलं, पाच वर्षं स्वतःच्या इंधनावर सांभाळलं, आणि 2025 मध्ये वरच्या कक्षेत नेऊन सोडलं. जवळ जाताना काढलेली त्याची छायाचित्रं मी कितीदा तरी बघितली आहेत. एकोणीस वर्षं ज्याला कुणी पाहिलं नव्हतं, तो पंख पसरून तसाच उभा.

एवढं भाग्य बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. त्यांच्यासाठी कुणालातरी एक निर्णय घ्यावा लागतो. टाकीत किती इंधन उरलं हे वजनरहित अवस्थेत थेट मोजता येत नाही. आजवरच्या प्रत्येक दुरुस्तीत किती जळलं असेल त्याची बेरीज आणि टाकीचा दाब, तापमान यांवरून अंदाज बांधायचा. बहुतेक वेळा ट्रान्सपॉन्डर चालू असतात, पंख वीज देत असतात, चॅनल स्वच्छ दिसत असतात. तरीही, शेवटच्या चढणीपुरतं इंधन हाताशी आहे असं वाटतं तेव्हाच थांबायचं. वाट बघत राहिलं, तर तो त्याच अरुंद कड्यावर बेवारस वाहत जाईल आणि शेजाऱ्यांच्या अंगावर येईल. त्याआधीच बदली उपग्रह त्याच अंशावर आणून उभा केलेला असतो. एका रात्री एकेक चॅनल त्याच्यावर सरकवतात. मग जुन्याला सुमारे तीनशे किलोमीटर वर ढकलतात, उरलंसुरलं इंधन सोडून देतात, बॅटऱ्या मोकळ्या करतात आणि ट्रान्समीटर बंद करतात. डिश हलवायला कुणाच्याही छपरावर चढावं लागत नाही.